थेट न्यायालयाचे दार आणि बडतर्फ शिक्षक

९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्याच्या कलम २५ वर चर्चा झाली. हेच पुढे कलम ३२ झाले. संविधानातील सर्वांत महत्त्वाचे कलम कोणते, असे विचारल्यास आपण याच कलमाकडे बोट दाखवू, ते संविधानाचे हृदय आणि आत्मा आहे, अशा आशयाचे उद्गार बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी काढले. मूलभूत हक्काचा भंग झाला तर नागरिकाने थेट सर्वोच्च न्यायालयात जावे, हाच एक मूलभूत हक्क झाला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या एका शिक्षक मित्राला संस्थाचालकांनी चौकशीविना कामावरून काढले. कलम ३२ चे पान उघडून ते आमच्याकडे आले. आम्हीही इतिहासाचे विद्यार्थी, भावनेच्या भरात म्हणालो, "सर, आता थेट दिल्ली!" हा सल्ला चुकीचा होता, आणि का चुकीचा होता, हे समजून घेणे हाच या लेखाचा हेतू आहे.

दार खोटे नव्हते. १९५० साली मुंबईच्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली, तेव्हा रोमेश थापर थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. आधी उच्च न्यायालयात जायला हवे होते, ही सरकारची हरकत न्यायालयाने फेटाळली. परंतु मूलभूत हक्क हे मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात. खाजगी संस्थेने नोकरीवरून काढले, एवढ्यावरून कलम ३२ लागू होत नाही. शिवाय पुढील काळात, उच्च न्यायालयाचा मार्ग खुला असेल तर आधी तेथे जा, असे सर्वोच्च न्यायालय अर्जदारांना सांगू लागले.

उच्च न्यायालयाचे कलम २२६ अधिक व्यापक आहे. ते मूलभूत हक्कांखेरीज 'अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी'ही वापरता येते. अहमदाबादच्या एका न्यासाने १९७५ साली आपले अनुदानित विज्ञान महाविद्यालय बंद केले आणि अकरा अध्यापकांना देय रकमा न देताच घरी पाठविले. न्यास खाजगी आहे, त्याच्यावर आज्ञालेख निघू शकत नाही, असा त्याचा बचाव होता. १९८९ मध्ये रुदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. संस्थेचे रूप कोणते, यापेक्षा तिच्यावर सार्वजनिक कर्तव्य आहे काय, हे पाहावे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र २०२२ च्या सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीच्या निकालाने, वैधानिक आधार नसलेल्या निव्वळ सेवाकराराच्या वादासाठी हा मार्ग नाही, हेही स्पष्ट केले.

आपल्या राज्यातील खाजगी शाळेच्या शिक्षकासाठी १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आहे. त्याच्या कलम ९ नुसार बडतर्फी, सेवासमाप्ती वा पदावनतीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मुदत आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांची. न्यायाधिकरण मागील वेतनासह पुनर्नियुक्तीचा आदेश देऊ शकते. त्याच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. हा रस्ता लहान वाटतो. त्यावर बाबासाहेबांच्या भाषणाचे तेज नाही. पण साक्षीपुरावा तपासला जातो तो इथेच.

आमचे मित्र वकिलांकडे पोहोचले, तेव्हा वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "आदेश हाती पडून किती दिवस झाले?" एकेचाळीस झाले होते. त्यांतील बरेच दिवस आमच्या सल्ल्याने दिल्लीची कागदपत्रे जमविण्यात गेले होते. पुरेसे कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, म्हणून तसा अर्ज करावा लागला. तो मंजूर होईपर्यंतचे महिने त्यांच्या घरच्यांनी कसे काढले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. वहिनी आम्हाला काही बोलल्या नाहीत. पुढे चौकशीच झाली नव्हती, या मुद्द्यावर अपील मान्य झाले आणि चार वर्षांनी ते पुन्हा वर्गात उभे राहिले.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज खाजगी शाळांत शिकवितात. त्यांना एवढेच सांगतो: असा आदेश आला तर तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट फेकू नका. तीस दिवस कोठून मोजायचे, ते त्यावरील टपालाच्या शिक्क्यावरून आणि पोचपावतीवरून दाखविता येते.