पर्जन्यमापनातील त्रुटी व मोजमापाची विश्वसनीयता

पांढुर्णा व सौंसर या लगतच्या तहसिली संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून त्या वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. संत्र्याचा मृग बहर पावसाळ्याच्या आरंभीच्या पावसावर अवलंबून असतो. त्यामुळे पाऊस नेमका किती पडला, हा येथे जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. शाळेतील पर्जन्यमापनाचा प्रयोगही तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवा.

समजा, १० सेंमी. व्यासाच्या नरसाळ्यातून बाटलीत साचलेले पाणी तीन विद्यार्थ्यांनी मोजले. वाचने १९४, १९६ व १९८ मिलिलिटर आली. मोजपात्र किंचित तिरपे असणे, डोळा पाण्याच्या पातळीच्या वर वा खाली असणे, अशा कारणांनी वाचने कधी जास्त, कधी कमी येतात. ही यादृच्छिक त्रुटी होय. अनेक वाचनांची सरासरी घेतल्यास ती कमी होते.

दुसऱ्या प्रकारची त्रुटी अधिक फसवी असते. नरसाळ्याचा व्यास चुकून १०.२ सेंमी. धरला, तर क्षेत्रफळ ७८.५ ऐवजी ८१.७ चौ. सेंमी. होते आणि २५ मिमी. पाऊस २४ मिमी. म्हणून नोंदला जातो. तिन्ही वाचने परस्परांशी जुळतात, तरीही उत्तर चुकीचेच राहते. ही पद्धतशीर त्रुटी होय. शंभर वाचने घेतली तरी ती सरासरीने नाहीशी होत नाही. उपकरणच तपासावे लागते. त्यासाठी व्यास परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा. नरसाळे झाडाच्या वा भिंतीच्या आडोशाला ठेवू नये. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या प्रथेप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता वाचन घ्यावे.

पांढुर्णा व सौंसर येथील शाळांच्या नोंदींत फरक आढळल्यास तो सर्वस्वी चुकीमुळेच आहे, असे मानू नये. पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. मात्र फरक पावसाचा की उपकरणाचा, हे ठरविण्यासाठी दोन्ही पर्जन्यमापक प्रथम काही दिवस एकाच मैदानात शेजारी शेजारी ठेवावेत. तेथे त्यांची वाचने जुळली, तरच पुढील तुलनेस अर्थ राहील.

न जुळणारे वाचन खोडू नये. त्यापुढे शेरा लिहावा. वाचन राहून गेल्यास त्या दिवशी शून्य लिहू नये, "नोंद नाही" असे लिहावे. शून्य म्हणजे पाऊस न पडणे. हा भेद ज्या विद्यार्थ्यास कळला, त्याच्या नोंदवहीवर शेतकऱ्यासही विसंबता येईल.