अपशब्द आणि मंडळीची शिस्त

शास्त्रपाठ : १ करिंथ. ५:९-१३; योहान ९:२४-३८; २ करिंथ. २:५-११



मंडळीच्या सभेत कोणी अपशब्द उच्चारले की क्षणभर सारे स्तब्ध होतात आणि मग कामकाज पुढे चालू होते. ज्याच्यावर ते शब्द पडले तो पुढच्या सभेला येत नाही. बोलणारा मात्र आपल्या नेहमीच्या जागी असतो. या मौनाला आपण सहनशीलता म्हणतो. शास्त्रही तसेच म्हणते काय?

१. हा केवळ स्वभावदोष नव्हे

ज्यांची संगत धरू नये अशा नामधारी बंधूंची यादी पौल करिंथकरांस देतो. जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक व मद्यपी यांच्याच पंक्तीत तेथे ‘लॉइडोरॉस’ हा ग्रीक शब्द आहे. अपमानकारक शब्दांनी दुसऱ्याची अप्रतिष्ठा करणारा, असा त्याचा अर्थ. पाठीमागे केलेली निंदा व कुजबुज यांसाठी पौल निराळे शब्द वापरतो (२ करिंथ. १२:२०). मद्यपानाबद्दल आपण शिस्त लावतो; शिवीगाळ करणाऱ्याविषयी मात्र “त्यांचा स्वभावच तापट” म्हणून सोडून देतो. पौलाच्या यादीत असा भेद नाही.

इफिस. ४:२९ मध्ये त्याज्य भाषणासाठी आलेला ‘साप्रॉस’ हा शब्दही पाहा. मत्तय १३:४८ मध्ये जाळ्यातून निवडून फेकलेल्या मासळीला हेच विशेषण आहे. जे ऐकणाऱ्याची उन्नती करीत नाही ते ठेवून घेण्याजोगे नाही, असा त्याचा भाव.

२. कठोर प्रश्न म्हणजे शिवीगाळ नव्हे

येथे सावध राहणे अगत्याचे आहे. योहान ९ मध्ये जन्मांधाने परूश्यांना बोचणारे प्रश्न विचारले. त्याच्या बोलण्यात उपरोधही होता. तरी ‘लॉइडोरॉस’ या शब्दाशी संबंधित क्रियापद योहान त्याच्याविषयी नव्हे, तर त्याला धुडकावणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी वापरतो (९:२८). त्यांनी अपशब्द बोलून त्यालाच बाहेर घालवले. म्हणून हिशेब मागणाऱ्या सभासदास निंदक ठरवून गप्प बसवणे ही शिस्त नव्हे. शब्द कृतीची चौकशी करतात की माणसाची किंमत शून्य करतात, हे पाहावे. बोलणारा आपल्याला प्रिय आहे की अप्रिय, हे पाहू नये.

३. क्रमाने पावले टाकावीत

मत्तय १८:१५-१७ मधील क्रम सर्वांस ठाऊक आहे : प्रथम एकांतात, मग एकदोघांसमक्ष, शेवटी मंडळीपुढे. तीत ३:१० मध्येही दोन वेळा बोध केल्यावरच दूर राहण्यास सांगितले आहे. पण या क्रमाचा आधार घेऊन, भ्यालेल्या दुबळ्या व्यक्तीस तिचा अपमान करणाऱ्यापुढे एकटे पाठवू नये. तिच्या वतीने वडीलजनांनी जावे. भरसभेतील अपशब्द तर अध्यक्षाने तेथल्या तेथे, शांतपणे परंतु स्पष्ट थांबवावेत. उलट अपशब्द वापरून नव्हे (१ पेत्र ३:९).

४. परतीचे दार

शिस्तीचा हेतू माणूस गमावणे हा नाही. दुःख देणाऱ्या एका व्यक्तीस बहुमताने झालेली शिक्षा पुरेशी आहे, आता क्षमा करून धीर द्यावा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असे पौल कळवतो (२ करिंथ. २:६-७). मात्र क्षमेची घाई करताना, ज्याला घाव लागला त्याचा विसर पडू नये. बाहेर घालवलेल्या त्या मनुष्याविषयी ऐकून प्रभू येशूने त्याला गाठले (योहान ९:३५). वाचकहो, सभेला न येणाऱ्या त्या बंधूच्या वा भगिनीच्या घरी आपणांपैकी कोण गेले आहे?

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत कोणाचे अपशब्द सहज खपवून घेतले जातात? का?
२. कोणाचा रास्त प्रश्न आपण निंदा म्हणून दडपला आहे काय?
३. या आठवड्यात आपण कोणाची भेट घ्यावी?