उरणच्या वाऱ्यातला स्कर्ट

जीन्स, लेगिंग्ज, सलवारी सगळ्या गाठोड्यात बांधल्यास आणि यापुढे रोज स्कर्ट नाहीतर फ्रॉक, असं जाहीर केलंस, तेव्हा तुझ्या आईने मला फोन केला. मी तुला समजावेन अशी तिची अपेक्षा होती. मी म्हटलं, पोरगी नोकरी करते, स्वतःच्या पैशाने कपडे घेते, तिला काय समजावायचं? शिवणाच्या मात्र चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, त्या सांगते.

आधी वारा. पुण्याच्या पेठेत स्कर्ट घालणं वेगळं आणि आपल्या उरणजवळच्या द्रोणागिरीत वेगळं. इथे एका अंगाला खाडी, दुसरीकडे मोकळे प्लॉट, अधेमधे खारफुटी. वाऱ्याला अडवणारं काही नाही. १२ जानेवारी २०२४ ला लोकल गाडी उरणपर्यंत आली, तेव्हापासून तर उघड्या फलाटावर उभं राहणंही आलं. पिना लावून, पर्स पुढे धरून हा वारा आवरत नाही. स्कर्टच्या काठाला वजन हवं. त्यासाठी साडीचा फॉल घे. सुती फॉल आदल्या रात्री पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर आणि मगच लाव. न भिजवता लावलास तर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि सगळा काठ चुण्या पडल्यासारखा ओढला जातो. खालची कड मशीनवर, वरची हातशिलाईने, टाके बाहेर दिसणार नाहीत असे.

हे सरळ काठाच्या, चुण्यांच्या स्कर्टला. अंब्रेला स्कर्टचा काठ गोल असतो, त्याला सरळ फॉल बसत नाही. तिथे उरेब पट्टी कापून लावावी लागते. आणखी एक, अंब्रेला शिवून झाला की लगेच खालची टीप मारायची नाही. दोन रात्री हँगरला टांगून ठेवायचा. उरेब बाजू आपल्या वजनाने खाली सुटते आणि मग कुठे लांब, कुठे आखूड दिसायला लागतं. ते सुटून झालं की जमिनीपासून पट्टीने मोजून काठ सारखा करायचा. तयार कपड्यांच्या दुकानात एवढा वेळ कोण देतो! म्हणून तिथले घेरदार फ्रॉक महिन्याभरात एका बाजूने लोंबतात.

घेर किती, हा दुसरा प्रश्न. तुझी कंबर २८ इंच, उंची ३० इंच धरू. पन्हा ४४ इंचाचा असेल तर चुण्यांच्या स्कर्टला दोन उंच्या लागतात, दुमड धरून पावणेदोन मीटर कापड. घेर ८५ इंचांच्या वर मिळतो, रोज चालायला-चढायला भरपूर. पूर्ण अंब्रेला करायचा तर कंबरेचा सहावा भाग घ्यायचा, त्यातून पाव इंच वजा करायचा, तेवढ्या त्रिज्येचा गोल मधे कापायचा. म्हणजे २८ ला जवळपास साडेचार इंच. कापड पावणेचार मीटर तरी लागेल. एवढं कापड अंगावर घेऊन सकाळच्या लोकलमध्ये शिरायचं, तर अर्धं कापड शेजारच्या बाईच्या पिशवीखाली अडकतं. अर्धा अंब्रेला सव्वादोन मीटरमध्ये बसतो, खाली घेर छान पडतो, कंबरेवर चुण्यांचा फुगाही नाही. रोजच्यासाठी माझं मत त्यालाच.

पेन्सिल स्कर्ट मात्र मोऱ्याच्या धक्क्यावर घालून जाऊ नकोस. ओहोटीला लाँच खाली जाते, पायरी आणि फळी यांत अंतर पडतं, तिथे बायका साडी सावरत बरोबर पाय टाकतात, कारण साडीला निऱ्या असतात. पेन्सिल स्कर्टला मागे चीर असली तरी ती चालण्यापुरती. टांग टाकायला नाही. करंजाहून रेवसला तरीने जायचं झालं तरी हेच.

उंचीचं आपल्याकडच्या बायकांनी कधीच ठरवून ठेवलंय. कोळणींचं लुगडं गुडघ्याशी, आगरी बायका भातलावणीला आणि मिठागरात उतरायच्या तेव्हाही काष्टा वर खोचलेला. पाणी जिथपर्यंत, त्याच्या वर काठ. तू चिखलात लावणी करणार नाहीस, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या रस्त्यांवर कंटेनरचे ट्रेलर जे पाणी उडवतात, ते लावणीच्या चिखलाहून वाईट, काळं आणि तेलकट. म्हणून पावसाळ्यात पोटरीच्या मध्यापर्यंत, गडद रंग, पातळ कापड. जाड सुती स्कर्ट दोन दोन दिवस वाळत नाही आणि दमट राहिला की त्यावर काळे ठिपके धरतात, ते निघता निघत नाहीत. खळही पावसाळ्यात नको. खळ एप्रिल-मेमध्ये: खळीचा सुती स्कर्ट अंगाला चिकटत नाही, आत हवा खेळते. संध्याकाळी खाडीकडे फिरायला जाणार असशील तर मात्र घोट्यापर्यंतचा आणि फिका घाल, पायात मोजे चढव. इथले डास हा विषय तुला नवा नाही.

घेर आला की मांड्या घामाने घासून काचतात. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आत सुती सायकलिंग शॉर्ट्स घाल, गुडघ्याच्या वर चार बोटं थांबणारी. वाऱ्याची भीतीही त्यातच गेली. नायलॉनचं अस्तर असलेला स्कर्ट आणलास तर ते अस्तर उसवून दे माझ्याकडे, मी मलमल लावून देईन.

दुचाकीवर मागे बसतेस तेव्हाचं नीट ऐक. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डावीकडे जी जाळी असते, साडी गार्ड म्हणतात ती, शोभेसाठी नसते. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं साधन असलंच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकतात. ज्याच्या गाडीला गार्ड नाही, त्याच्यामागे तू बसू नकोस, मग तो कितीही जवळचा असो. गार्ड आहे तरी ते डावीकडेच असतं. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसलीस तर उजवीकडचा घेर उघड्या चाकाकडे लोंबतो आणि तिथेच तापलेला सायलेन्सर असतो. सिंथेटिक कापड त्याला टेकलं की वितळून चिकटतं. बसल्यावर दोन्हीकडचा घेर मांडीखाली दाबून घ्यायचा, मग ‘चल’ म्हणायचं. स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर घोट्यापर्यंतचा स्कर्ट एका हाताने वर धरायचा आणि कडेच्या पट्टीपासून लांब उभं राहायचं.

आता कंबर. इथे मी थोडी थांबणार आहे.

तुझी आजी म्हणायची, पोरीच्या जातीने रोज स्कर्ट कसला घालायचा. पण सहावारी नेसणारी प्रत्येक बाई आत परकर घालतेच की. पन्नास वर्षं रोज, त्याच जागी, त्याच नाडीने आवळून. त्या नाडीचं काय होतं ते डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक शोधनिबंध छापला. धोतर वर्षानुवर्षं कंबरेला घट्ट बांधल्याने त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा त्यात उल्लेख होता. पुढे साडीच्या बाबतीतही तसेच रुग्ण आढळले. अगदी २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून दोन वयस्क बायकांची हकिगत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली. दोघींना कंबरेवर न भरणारी जखम झाली होती, आणि त्यातली एक लुगडं नेसणारी होती, आत परकरसुद्धा नसायचा. म्हणजे दोष परकराचा किंवा साडीचा नाही. बारीक, घट्ट, रोज एकाच जागी पडणारा दाब, त्यात घाम आणि खाज. कातडी पुन्हा पुन्हा सोलवटते, भरते, परत सोलवटते. असं होणं दुर्मिळ आहे, घाबरून जाऊ नकोस. पण तू जन्मभर स्कर्टच घालणार म्हणतेस, तर नाडी नकोच.

नेफ्यात दीड-दोन इंच रुंद इलॅस्टिक घाल. त्याहून बरा, समोर सपाट पट्टा आणि फक्त मागे इलॅस्टिक. पोटावर चुण्याही येत नाहीत आणि जेवणानंतर श्वास घेता येतो. सगळ्या स्कर्टांची कंबर एकाच जागी नको: दोन बेंबीवर बसणारे, दोन जरा खाली. खांद्यावरून येणारा फ्रॉक आलटून पालटून घातलास की कंबरेला सुट्टी. घरी आल्यावर काळा वळ दिसला, खाज आली तर सैल कर. आणि एखादी जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर मलमं लावत बसू नकोस, डॉक्टरला दाखव. हे तुझ्या आईलाही सांग, तिची नाडी मी पाहिली आहे.

हुक लोखंडी नको. खाऱ्या हवेत ते पावसाळ्याच्या आत गंजतात आणि कापडावर तांबडा डाग सोडतात. पितळी हुक किंवा साधं बटण, चेन नायलॉनची.

खिसा प्रत्येक स्कर्टला हवा. बायकांच्या कपड्यांना खिसे न ठेवणाऱ्या कारखानदारांविषयी मला जे वाटतं ते लिहिण्यासारखं नाही. बाजूच्या शिवणीत खिसा ठेव, पण नुसता शिवणीला जोडू नकोस. फोनच्या वजनाने शिवण खाली ओढली जाते आणि स्कर्ट त्या बाजूला लटकतो. खिशाच्या पिशवीचं वरचं टोक कंबरपट्ट्यात धरून शिवायचं, म्हणजे वजन पट्ट्यावर येतं. तोंड साडेसहा इंच, खोली बारा.

लोकांचं काय, असं तुझी आई विचारते. लोकांचं सांगते. आपल्याच नवी मुंबईतल्या गोठिवली गावात २०१४ मध्ये बायकांच्या मंडळानेच ठरवलं होतं, दिवसा मॅक्सी घालून बाहेर फिरायचं नाही, फिरलं तर ५०० रुपये दंड. बायकांनी बायकांना लावलेला. घरात दिवसभर वावरायला याहून सोयीचा कपडा नाही, हे त्या मंडळातल्या बायकांनाही ठाऊक असणारच. मला त्या दंडाचं हसू आलं होतं आणि थोडा रागही. मॅक्सीवर ओढणी टाकून भाजी आणायला जाणाऱ्या बायका आपल्या सोसायटीत रोज खाली दिसतात, त्याच तुझ्या स्कर्टकडे वळून बघतील. बघू देत. तू कोणाला कारण देत बसू नकोस. एकीने विचारलं तर कापड कुठून घेतलं तेवढं सांग; बोलणं तिथून आपोआप कापडाच्या भावाकडे जातं.

राहिला कापडाचा खर्च. तुझ्या आईच्या जुन्या सुती साड्या काढ. साडी आडवी धरायची, काठ खाली येऊ द्यायचा. काठ विणीतच घट्ट असतो, दुमड मारावी लागत नाही. वरून नको तेवढी रुंदी कापायची. साडेपाच मीटरमध्ये दोन चुण्यांचे स्कर्ट निघतात, पदराचं कापड उरतं त्याचे खिसे. जिथे निऱ्या पडायच्या तिथे कापड विरलेलं असतं, उजेडासमोर धरून बघ आणि तो भाग टाळ. काठ जरीचा असेल तर उलट्या बाजूचे सुटे धागे जोडव्यात, पैंजणात अडकतात. आतून मलमलची पट्टी लाव.

आजीची लुगडी मात्र कापण्याआधी मला विचार. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर, कापड बघून कात्री शिवशिवेल तुझी. पिवळ्या काठाचं हिरवं आणि ते चौकड्यांचं, ती दोन मी देणार नाही. बाकीची घेऊन जा.