एका छपराखालची दोन कुत्री

एकाच घरात राहणाऱ्या दोन कुत्र्यांची भांडणे क्वचितच निष्कारण होतात. अन्न, विसाव्याची जागा, अरुंद दार आणि मालकाचा सहवास यांवरून बहुतेक चकमकी झडतात. आजवर शांत असलेले कुत्रे अकस्मात अंगावर धावून जाऊ लागले, तर त्याला कान, दात वा सांध्यांचे दुखणे नाही ना, हे प्रथम पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. लहानपणी गुण्यागोविंदाने नांदलेली भावंडेही एक ते तीन वर्षांच्या वयात, प्रौढ होताना, एकमेकांचे वैरी बनू शकतात. दोन माद्यांमधील वैर तर विशेष चिवट असते.

मालकाने धाकदपटशाने आपले नायकपण सिद्ध करावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त लांडग्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कल्पनेचे मूळ आहे. परंतु रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे सामान्यतः आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंबच होय, असे डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती मारून दडपली, तर पुढच्या खेपेस इशाऱ्यावाचून चावा बसण्याचा संभव असतो.

कुंभकोणमजवळील इन्नंबूरसारख्या गावातले जुन्या धर्तीचे घर डोळ्यांपुढे आणा : रस्त्यालगत 'तिण्णै' म्हणजे ओटा, आत चौक, मागे परसू. येथे एक राजपालयम व एक गावठी कुत्रे आहे, असे समजू. एकाला ओट्यावर, दुसऱ्याला परसात जेवू घालावे. मधले दार लावावे आणि भांडी उचलल्यावरच ते उघडावे. काही दिवस दोघांना पूर्णपणे वेगळे ठेवावे. नंतर दोन माणसांनी त्यांना साखळीने धरून, पुरेसे अंतर राखून, एकाच दिशेने फिरवावे. शांत राहिल्यास खाऊ द्यावा व अंतर हळूहळू कमी करावे.

भांडण जुंपल्यास मध्ये हात घालू नये. पाणी ओतावे किंवा मधे फळी सरकवावी. माणसाला चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

इतके करूनही जखमा होतच राहिल्या, किंवा घरातील मुलांना धोका असला, तर एका कुत्र्यासाठी दुसरे चांगले घर शोधणे हाच विवेक होय. त्याला रस्त्यावर सोडून देणे मात्र उपाय नव्हे. उपासमार घडेल अशा स्थितीत प्राण्याचा त्याग करणे हा १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.