लहरींपेक्षा डब्याकडे बघा

‘डॉक्टर, मायक्रोवेव्हमधलं अन्न खाल्लं तर कॅन्सर होतो का हो?’ असं विचारणारे पेशंट अजूनही भेटतात. होत नाही. घरगुती ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता साधारण २४५० मेगाहर्ट्झ असते. क्ष-किरणांप्रमाणे पेशींमधल्या डीएनएला इजा करण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. त्या अन्नातल्या पाण्याचे रेणू हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. ओव्हन बंद झाला की लहरीही संपतात, अन्नात काही शिल्लक राहत नाही. उलट पाणी कमी आणि वेळ थोडा लागत असल्यामुळे, भरपूर पाण्यात उकळलेल्या भाजीपेक्षा इथे शिजवलेल्या भाजीतलं ‘क’ जीवनसत्त्व जास्त टिकतं. मात्र दार नीट लागत नसेल, वाकलं असेल किंवा त्याचं सील फाटलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत ओव्हन वापरू नका.

खरी काळजी घ्यायची ती दोन गोष्टींची: भांडं कोणतं, आणि अन्न आतपर्यंत तापलं का.

भांडं कोणतं?

हॉटेलातून आलेली भाजी त्याच प्लॅस्टिकच्या डब्यात गरम करणं ही सगळ्यात जास्त आढळणारी सवय, आणि आधी सोडायला हवी तीही हीच. तापलेल्या प्लॅस्टिकमधून बीपीए, थॅलेट यांसारखी रसायनं अन्नात उतरू शकतात. ती आपल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात. तर्रीदार रस्सा असेल तर हे प्रमाण वाढतं. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे तर थंड पदार्थांसाठीच बनवलेले असतात. ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असा शिक्का असला तरी तो मुख्यतः भांडं वितळणार किंवा वाकणार नाही एवढंच सांगतो. प्लॅस्टिकमध्ये त्रिकोणात ५ आकडा असलेलं पॉलिप्रॉपिलीन त्यातल्या त्यात उष्णता सोसतं. तरी माझा सल्ला एकच: डबा ऑफिसला कशातही न्या, गरम करताना अन्न काचेच्या बोलमध्ये काढून घ्या.

बोरोसिलिकेट काच आणि साधी, नक्षी नसलेली चिनी माती उत्तम. मेलामाइनच्या ‘न फुटणाऱ्या’ प्लेट आत नकोत. स्टीलचा डबा, अॅल्युमिनियम फॉइल आणि सोनेरी काठाचे कपही नकोत; धातू लहरी परतवतो आणि ठिणग्या उडू शकतात. कन्व्हेक्शन मोडवर केकचं धातूचं भांडं चालतं, म्हणून ते मायक्रोवेव्ह मोडवरही चालेल असं समजू नका.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्याबद्दल शंका असेल तर ते रिकामं ठेवा, शेजारी पाण्याने भरलेला काचेचा कप ठेवा आणि एक मिनिट ओव्हन चालवा. पाणी तापलं आणि भांडं गारच राहिलं, तर ते वापरायला हरकत नाही. भांडंच तापलं तर ते बाद.

आतपर्यंत तापलं का?

या लहरी अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर शिरतात. त्यामुळे कडेला चटका आणि मधे गारढोण अशी स्थिती होते, आणि त्या गार भागात जंतू जिवंत राहतात. अन्न पसरून ठेवा, झाकण सैल ठेवा, मधेच एकदा ढवळा, आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या. उरलेलं अन्न मध्यभागी ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. थर्मामीटर नसेल तर मधोमध चमचा घालून तिथूनही वाफा येतात का ते बघा.

रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र कितीही तापवला तरी सुरक्षित होत नाही. त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं उलट्या घडवणारं विष उष्णतेनेही नष्ट होत नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत, ऐन उन्हाळ्यात तासाभरात, फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

भाजण्याचे धोके

गुळगुळीत कपातलं नुसतं पाणी बुडबुडे न येता उत्कलनबिंदूच्या वर तापू शकतं आणि कॉफी घालताच अंगावर उसळतं. आधीच त्यात लाकडी चमचा ठेवा आणि मिनिटभर थांबून कप बाहेर काढा. सालासकट अंडं कधीही ठेवू नका, ते फुटतं. बटाट्याला, वांग्याला काट्याने टोचे मारा. झाकण उघडताना वाफ तोंडावर येणार नाही असं धरा.

बाळाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. बाटली हाताला कोमट लागते, पण आतला काही भाग बाळाचं तोंड पोळण्याइतका गरम असू शकतो. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवणंच बरं.

भाजलंच तर ती जागा वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नका. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, मोठे फोड आले असतील किंवा लहान मूल भाजलं असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना गाठा.