स्वभावाचे बीज, बालपणाची जमीन

करमाळा तालुका अवर्षणप्रवण. येथील शेतकऱ्याला रब्बी ज्वारीचा एक धडा तोंडपाठ असतो. मालदांडीचे एकच बियाणे ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत भरघोस कणीस देते. तेच मुरमाड जमिनीत पडले तर ताट खुरटते. बियाणे आणि जमीन यांचा मेळच पीक ठरवितो. माणसाच्या विचारांच्या सवयीही अशाच दुहेरी मुळांतून वाढतात, असे मानसशास्त्र सांगते.

अनुवंशाचा वाटा

“माझ्या हातून काहीच नीट होणार नाही”, “एकदा चुकले म्हणजे सारे संपले” अशा विचारांची सवय जडली की नैराश्य व चिंता बळावतात. माणसामाणसांत नैराश्याच्या प्रवृत्तीचा जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ३५ ते ४० टक्के भाग अनुवंशाशी निगडित असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आढळले आहे. मात्र नैराश्याचे असे एकच जनुक नाही. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासावरून २००३ मध्ये एका जनुकाकडे बोट दाखविण्यात आले होते. पुढील मोठ्या तपासण्यांत त्यास पुरेसा आधार मिळाला नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो, असे आज मानले जाते.

बालपणीचे आघात

बालपणी मारहाण, उपेक्षा, घरातील व्यसन असे आघात जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्याचा धोका अधिक, असे अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. सततच्या भीतीमुळे शरीरातील ताणाची यंत्रणा सदैव सज्ज राहते. मार खाणारे मूल “मोठे चुकले” असे म्हणत नाही. “मीच वाईट” असा अर्थ लावते. जन्मतः हळव्या मुलाच्या मनात तो अर्थ अधिक खोल रुजतो.

दुष्काळ, ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, उजनी जलाशयामुळे झालेले विस्थापन या गोष्टी कुटुंबावर ताण आणतात. तथापि, गरिबी म्हणजे मनाचा आजार नव्हे. मायेचे एक वडीलधारे माणूस आणि नियमित शाळा यांच्या आधाराने अनेक मुले असे ताण पेलतात.

“रक्तातच आहे” हा निकाल नव्हे

“बापावर गेलाय, सुधारायचा नाही” हे वाक्य गावोगाव सहज उच्चारले जाते. ऐकणारे मूल ते खरे मानते, हाच त्यातील धोका. अविवेकी विचारांकडे माणसाचा कल काही अंशी उपजतच असतो, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचेही मत होते. तरीही असे विचार ओळखून, तपासून बदलता येतात, या विश्वासावरच त्यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती उभारली. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती ‘विवेकनिष्ठ’ या नावाने रुजविली.

मूल अबोल झाले, झोप उडाली, शाळा टाळू लागले, तर पालक व शिक्षकांनी दोष न देता त्याचे ऐकावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सल्ला घ्यावा. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. बियाणे बदलणे आपल्या हाती नाही. जमिनीची मशागत मात्र निश्चित आहे.