टॉवरची डोकेदुखी

गारखेडा भागातले एक निवृत्त शिक्षक मध्यंतरी दवाखान्यात आले. दोन महिन्यांपासून सकाळी डोके जड, झोप उडालेली. "डॉक्टरसाहेब, समोरच्या गच्चीवर टॉवर बसला, तेव्हापासून चालू आहे." ब्लडप्रेशर पाहिले तर १८०/११०! प्रेशरची गोळी त्यांनी बरे वाटते म्हणून परस्पर बंद केली होती, तीही दोन महिन्यांपूर्वीच. गोळी पुन्हा सुरू केली, ईसीजी काढला.

पण सरांची भीती काही गोळीने जाईना. मुलाने मोबाइलवर रेडिएशन मोजायचे अ‍ॅप घेतले होते आणि आकडा सरांच्या पलंगाशी, लोखंडी कपाटाजवळ सर्वांत जास्त यायचा. मेख तिथेच आहे. असली अ‍ॅप्स मोबाइलमधल्या होकायंत्राच्या चुंबकीय सेन्सरवर चालतात. त्यांना लोखंड कळते, टॉवरच्या रेडिओलहरी कळत नाहीत. त्यासाठी सर्व दिशांच्या लहरी टिपणारे वेगळे मीटर लागते आणि सहा मिनिटांची सरासरी घ्यावी लागते. गुलमंडीच्या दाटीत आणि सिडकोच्या मोकळ्या रस्त्यावर आकडे सारखे येणार नाहीत. एकाच घरात गॅलरी आणि मागची खोली यांतही फरक पडतो, कारण भिंती लहरी अडवतात. अँटेनाचा झोत टॉर्चसारखा समोर जातो, म्हणून टॉवरखालच्या घरापेक्षा समोरच्या, त्याच उंचीवरच्या घरात मोजणे महत्त्वाचे. अंतर दुप्पट झाले की झोताची तीव्रता साधारण चौथा हिस्सा उरते.

भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्‌झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट होती. पैसे भरून घराजवळ मोजणी मागण्याची सोय दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये 'तरंग संचार' या संकेतस्थळावर केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कर्करोगकारक असण्याची शक्यता, पण पुरावा मर्यादित' अशा गटात ठेवले. तो पुरावा मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलचा होता, टॉवरचा नव्हे. टॉवर दूर गेला, रेंज कमी झाली, की कानाजवळचा मोबाइलच जास्त जोर लावतो. (सोसायटीच्या बैठकीत हे कुणाला ऐकायचे नसते!)

तीन आठवड्यांनी सर आले तेव्हा प्रेशर १४०/८८ होते, डोके हलके. मोजणीचा अर्ज मात्र त्यांनी भरलाच. मीही अडवले नाही.